विमानतळाजवळ फ्लॅट घेऊन ‘डेली बेसिस’वर द्यायचा? आधी हा हिशोब मांडा

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली आणि उलव्यापासून पनवेलपर्यंत फ्लॅट विकणाऱ्यांचं बोलणंच बदललं. पूर्वी स्टेशन किती मिनिटांवर आहे ते सांगायचे. आता सांगतात, “वन बीएचके घ्या, फर्निचर करा आणि एअरबीएनबीला लावा. साध्या भाड्याने चोवीस हजार मिळतील. रोजच्या भाड्याने रात्रीचे तीन हजार धरा, महिन्याचे नव्वद हजार झाले. हप्ता परस्पर सुटेल.”

हे ऐकून निवृत्तीचे पैसे, गावाकडची जमीन विकून आलेली रक्कम किंवा बायकोचे दागिने गहाण ठेवून उभं केलेलं मार्जिन घेऊन लोक बुकिंग करतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात एकदाच एवढी मोठी रक्कम हातात धरलेली असते. म्हणून हे नव्वद हजार सुटे करून बघायला हवेत.

हा धंदा नेमका काय आहे

नेहमीच्या पद्धतीत आपण ‘लीव्ह अँड लायसन्स’ करतो. अकरा महिने किंवा दोन-तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, डिपॉझिट आणि दरमहा ठरलेलं भाडं. रोजच्या भाड्यात असा करार नसतो. पाहुणा एअरबीएनबीसारख्या ॲपवरून एक, दोन, फार तर आठ-दहा रात्रींचं बुकिंग करतो, राहतो आणि जातो. इथे एकच शब्द लक्षात ठेवायचा, तो म्हणजे ऑक्युपन्सी. महिन्याच्या तीस रात्रींपैकी किती रात्री भरल्या, एवढाच त्याचा अर्थ.

दोन्हीला आपण ‘भाडं’ म्हणतो म्हणून गफलत होते. दुकानाचा गाळा दुसऱ्याला भाड्याने देणं वेगळं आणि त्याच गाळ्यात स्वतः वडापाव विकायला बसणं वेगळं. गाळ्याचं भाडं महिन्याच्या सुरुवातीला येतं. वडापावचा गल्ला मोठा दिसतो, पण त्यातून बटाटा, तेल, पोऱ्याचा पगार आणि उरलेल्या पावांचं नुकसान वजा होतं. रोजच्या भाड्याचा फ्लॅट हा वडापावचा गल्ला आहे. एजंट मात्र त्याची तुलना गाळ्याच्या भाड्याशी करून दाखवतो.

नव्वद हजार जातात कुठे

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या सेक्टरचे घाला. खारघरमध्ये ८५ लाखांचा वन बीएचके घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर ५ लाख ९५ हजार आणि नोंदणीचे ३० हजार. (घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. इमारत बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा, मी इथे ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेली इमारत धरली आहे.) म्हणजे ९१ लाख २५ हजार झाले. पाहुण्यांसाठी दोन एसी, बेड, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, पडदे, भांडी आणि इन्व्हर्टर घेतला की आणखी ५ लाख.

आता कमाई. रात्रीचा दर २,८०० आणि महिन्याला १६ रात्री भरल्या असं धरू. हातात आले ४४,८००. नव्वदमधले निम्मे तर इथेच गेले, कारण एजंटच्या हिशोबात फ्लॅट तीसच्या तीस रात्री भरलेला असतो. यातून ॲपचं कमिशन १५ टक्के धरलं तर ६,७२० गेले. सरासरी दोन रात्रींचा मुक्काम म्हटला तर महिन्याला आठ वेळा साफसफाई आणि चादरी-टॉवेलची धुलाई, दर वेळी ५०० रुपये, म्हणजे ४,०००. वीज, वायफाय आणि गॅसचे ४,५००. पाहुणा एसी चालू ठेवून दिवसभर फिरायला जातो, त्याला बोलता येत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स ४,५००, मालमत्ता कर महिन्याला ८००. साबण, शाम्पू, चहाची पाकिटं, तुटलेले कप, गळका नळ, अडकलेलं कुलूप यांचे २,५००. उरले २१,७८०.

अजून फर्निचर राहिलं. पाच लाखांचं सामान रोजच्या वापरात सहा वर्षं टिकलं तर त्याची झीज महिन्याला साधारण ७ हजार होते. ती वजा करा, १४,८०० च्या आसपास उरतात.

तोच फ्लॅट साध्या भाड्याने २४ हजारांना दिला असता तर? मेंटेनन्स आणि कराचे ५,३०० वजा, अधूनमधून रिकामा राहण्याचे आणि दलालीचे महिन्याला २,००० वजा, किरकोळ दुरुस्तीचे ५०० वजा. हातात १६,२००. एकही चादर न धुता.

सोळा रात्रींना साधं भाडं पुढे आहे. सतरा रात्री भरल्या की दोन्ही जवळपास सारखे होतात. वीस रात्री भरल्या, आणि वीज-किरकोळ खर्च पाचशेने वाढला असं धरलं, तर रोजच्या भाड्यातून साधारण २२,८५० उरतात, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार जास्त. चावी देणं, मेसेजना उत्तरं देणं, प्लंबर बोलावणं हे सगळं तुम्ही स्वतः केलंत तर. हे काम २० टक्क्यांवर दुसऱ्याला सोपवलं की हिशोब पुन्हा उलटतो. तेव्हा नुसती बरोबरी गाठायलाच २३ रात्री भराव्या लागतात.

पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा खर्च आणखी वाढतो. पारसिकच्या डोंगराकडची हवा सुखावते, पण चार दिवस बंद राहिलेल्या खोलीत गादीला कुबट वास येतो, कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके उठतात आणि पांढऱ्या चादरी दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पाहुणा आत आल्या आल्या नाक मुरडतो आणि रात्री ॲपवर दोन स्टार देतो. ते दोन स्टार पुढचे कित्येक महिने तुमच्या फ्लॅटच्या नावापुढे दिसतात. म्हणून फ्लॅट रिकामा असला तरी कुणीतरी जाऊन खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे. गादीच्या खोळींचे दोन आणि चादरींचे निदान तीन संच लागतात, हे फर्निचर करणारा कंत्राटदार कधी सांगत नाही.

“पण हप्ता तरी सुटेल ना?”

नाही. ८५ लाखांपैकी ८० टक्के, म्हणजे ६८ लाख, वीस वर्षांसाठी ८ टक्क्यांनी काढले तर हप्ता ५७ हजारांच्या घरात जातो. वीस रात्री भरून, स्वतः राबून, फर्निचरची झीज बाजूला ठेवली तरी रोख सुटतात ३० हजारांच्या आत. उरलेले २७ हजार पगारातून घालायचे. ज्यांच्याकडे पगार नाही त्यांनी कर्ज काढून हा खेळ मांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्ज नसेल तरी बघा. ९६ लाख गुंतवून वर्षाला २ लाख ७५ हजार, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. मुदत ठेव याहून जास्त देते. घर घेण्यात खरा फायदा होतो तो किंमत वाढली तर, आणि किंमत वाढणार असेल तर ती साध्या भाडेकरूच्या हातातल्या फ्लॅटचीही तेवढीच वाढेल. म्हणून निर्णय दोन टप्प्यांत घ्यावा. साध्या भाड्यावरही हा फ्लॅट घ्यावासा वाटतो का, हा पहिला टप्पा. उत्तर ‘हो’ असेल तरच दुसऱ्या टप्प्यावर यायचं.

पाहुणे येणार कुठून?

नवी मुंबई अलिबाग किंवा महाबळेश्वर नाही. इथे कुणी समुद्र बघायला चार दिवस राहत नाही. इथे लोक कामाला येतात, आणि हेच या शहराचं बलस्थान आहे.

खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी बिहार, बंगाल, आसामपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची माणसं तिथे येतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. नेरूळला डी. वाय. पाटील, बेलापूरला अपोलो ही रुग्णालयं आहेत. ऐरोलीचं माइंडस्पेस, घणसोलीचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क, महापे आणि तळोजाची एमआयडीसी, उरणचं जेएनपीए बंदर इथे कामासाठी इंजिनिअर, ऑडिटर, मशीन बसवणारे तंत्रज्ञ येतात. खारघरच्या निफ्टमध्ये, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या संस्थेत, मुलाला सोडायला आईवडील येतात. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात स्टॉल लावणारे आठवडाभर मुक्काम ठोकतात.

या प्रत्येकाची गरज वेगळी आहे. रुग्णाच्या नातेवाइकाला स्वयंपाकघर, लिफ्ट आणि परवडणारा दर हवा. रात्रीचे २,८०० त्याला झेपत नाहीत, तो महिन्याचं बोलतो. तंत्रज्ञाला सोमवार ते शुक्रवार खोली हवी आणि कंपनीला बिल हवं. म्हणजे शनिवार-रविवार, जे पर्यटनाच्या गावात भरतात, ते इथे रिकामे जाऊ शकतात.

कार्यक्रमांच्या रात्री मात्र दर उसळतात. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले तेव्हा आसपासच्या खोल्यांचे भाव गगनाला भिडले होते. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. एजंट नेमका अशा रात्रीचा स्क्रीनशॉट दाखवतो. वर्षाचा हिशोब जुलैतल्या मंगळवारीही चालतो, हे त्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

आणि विमानतळ? पहिल्या टप्प्यात त्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, ही छोटी संख्या नव्हे. पण ठाणे, पनवेल, पुण्याचा प्रवासी विमानातून उतरून घरीच जातो. मुंबईत काम असलेला अटल सेतूवरून थेट शिवडीला पोहोचतो. मुक्काम करतो तो पहाटेचं विमान असलेला लांबचा प्रवासी, आणि तोही एकच रात्र. एका रात्रीच्या पाहुण्यासाठीही साफसफाई पूर्णच करावी लागते. वरच्या उदाहरणात मुक्काम सरासरी एका रात्रीवर आला तर धुलाईचा खर्च थेट दुप्पट होतो.

शिवाय हीच जाहिरात वाचून तुमच्या इमारतीतल्या आणखी दहा जणांनी हेच ठरवलेलं असतं. उलवे आणि द्रोणागिरीत रिकाम्या फ्लॅटना तोटा नाही. एकाच रस्त्यावर पन्नास लिस्टिंग लागल्या की २,८०० चा दर दोन हजारांवर यायला वेळ लागत नाही.

सोसायटी काय म्हणेल?

माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वात दुर्लक्षित भाग हाच आहे. फ्लॅट तुमचा असला तरी गेट, लिफ्ट, पाणी आणि जिना सगळ्यांचा आहे.

रात्री दीड वाजता टॅक्सी गेटवर येते. वॉचमन नाव विचारतो. पाहुण्याला फ्लॅटमालकाचं नावच ठाऊक नसतं, त्याच्याकडे असतो मोबाइलवरचा बुकिंगचा फोटो. वॉचमन इंटरकॉम लावतो, फ्लॅटमध्ये उचलायला कुणी नाही. मग सेक्रेटरींना फोन. सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, “आपली सोसायटी लॉज झाली आहे का?” तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना दर दोन दिवसांनी लिफ्टमध्ये नवा अनोळखी चेहरा दिसत असेल, तर त्यांची काळजी खोटी नाही. ज्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे पाहुण्यांच्या पाण्याचा खर्च शेजाऱ्यांच्या बिलात जातो. त्यांनी तो गप्प बसून का सोसावा?

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे पोटनियम म्हणतात की गाळा, म्हणजे इथे फ्लॅट, ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरायचा. कारण राहण्याचं आहे. साधा भाडेकरू राहायलाच येतो, म्हणून तिथे वाद कमी. रोज बदलणारे पाहुणे हा लॉजिंगचा व्यवसाय आहे, अशी भूमिका सर्वसाधारण सभा घेऊ शकते, तसा ठराव करू शकते आणि प्रकरण उपनिबंधक किंवा सहकार न्यायालयापर्यंत जाऊ शकतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस घेते, त्यांवर मात्र मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत. पण तो नियम भाड्याने दिलेल्या घरासाठी आहे. ते भरले म्हणून लॉजिंगची परवानगी मिळाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारा आणि मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त वाचायला मागा. सिडकोच्या योजनेतलं घर असेल तर वाटपपत्रातल्या अटी आणि विक्री-हस्तांतरणावरची बंधनंही वाचा. नवी मुंबईतली बरीचशी जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, आणि त्या पट्ट्यातही जमिनीचा वापर लिहिलेला असतो.

“इतके जण करतायत, कुणाला काही झालेलं नाही”

हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. काही होत नाही, ते तक्रार होईपर्यंत. एक शेजारी चिडला आणि त्याने सोसायटी, महापालिका, महावितरण आणि पोलीस ठाणे अशा चार ठिकाणी अर्ज दिले, की चारही बाजूंनी प्रश्न सुरू होतात. घरगुती मीटरवर व्यवसाय का? मालमत्ता कर निवासी दराने का? पाहुण्यांची ओळखपत्रं कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नात हयगय करू नका. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र घ्यायचं आणि नोंद ठेवायची. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेत भरावी लागते. आफ्रिकेतून उपचारांसाठी आलेलं कुटुंब असो की प्रदर्शनाला आलेला चिनी व्यापारी, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. फ्लॅटमध्ये उद्या काही गैरप्रकार घडला तर पोलीस पहिल्यांदा मालकाच्या दारात येतात.

राहत्या घरातली एखादी खोली देणाऱ्यांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. तिचा गाभा यजमान कुटुंब तिथे राहतं हा आहे. रिकामा फ्लॅट आणि दारावर नंबरचं कुलूप या प्रकारासाठी ती नाही.

कर थोडक्यात

राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. रोजच्या मुक्कामावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. तुमची सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आणि नोंदणी नसेल, तर ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. चादरी, नाश्ता, साफसफाईसह चालवलेल्या फ्लॅटला ती गृहीत धरू नका, आधी तुमच्या सीएशी बोला. वर्षाची रक्कम पाच लाखांच्या वर गेली की ॲप तुमच्या पॅनवर टीडीएस कापतं, त्यामुळे हे उत्पन्न प्राप्तिकर खात्याला दिसतं.

“बिल्डरच तीन वर्षं हमी देतोय”

स्टुडिओ किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंट विकताना अशी हमी पुष्कळदा दिली जाते. हमीचे पैसे कुठून येतात ते बघा. शेजारच्या तशाच फ्लॅटपेक्षा हा दहा लाखांनी महाग असेल, तर तीन वर्षं तुमचेच दहा लाख तुम्हाला हप्त्याने परत मिळतात आणि चौथ्या वर्षी दर बाजारावर पडतो. ही हमी नोंदणीकृत विक्री करारात आहे की वेगळ्या लेटरहेडवर, ते वाचा. लेटरहेडवर सही करणारी कंपनी बिल्डरचीच असली तरी नाव वेगळं असू शकतं.

दुसऱ्याचा फ्लॅट साध्या भाड्याने घेऊन तो रोजच्या भाड्याने फिरवण्याचा सल्लाही दिला जातो. आपल्याकडच्या बहुतेक लीव्ह अँड लायसन्स करारांत पोटभाडेकरू ठेवायचा नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मालकाला न सांगता हे करणं म्हणजे डिपॉझिट घालवणं.

मग हे कुणाला जमतं?

ज्याचा फ्लॅट कर्जमुक्त आहे, जो त्याच इमारतीत किंवा दोन सेक्टरच्या आत राहतो, ज्याच्या घरात दुपारी जाऊन चादरी बघणारं माणूस आहे आणि ज्याच्या सोसायटीने लेखी हरकत घेतलेली नाही, त्याला जमतं. रो-हाउस आणि स्वतंत्र बंगल्यांना सोसायटीचा जाच कमी. डोंबिवलीत राहून उलव्यातला फ्लॅट फोनवरून चालवणाऱ्याला जमत नाही.

बाकीच्यांसाठी एक मधला रस्ता आहे, आणि नवी मुंबईला तोच जास्त शोभतो. एक ते सहा महिन्यांचं भाडं. फर्निचर केलेला फ्लॅट ॲक्ट्रेकमध्ये उपचार घेणाऱ्या कुटुंबाला, प्रकल्पावर आलेल्या इंजिनिअरला किंवा इंटर्नशिपच्या मुलींना द्यायचा. दर साध्या भाड्यापेक्षा जास्त, चादरी महिन्यातून एकदा, कमिशन कमी किंवा नाहीच. आणि सोसायटीच्या नजरेत तो भाडेकरूच असतो, कारण रीतसर करार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मुदत संपल्यावरही कुणी घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट भाडं.

मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या साधारण पाव टक्का आणि शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. आधार आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन एजंट घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. कराराची एक प्रत सोसायटीला द्यायची आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना. रुग्णाचं कुटुंब असेल तर डिपॉझिट एका महिन्याचंच ठेवा, आणि उपचार लवकर संपले तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवर घर सोडता येईल, हे कलम करारात आवर्जून लिहून घ्या.